सहाशे हमालांची नावे

कोणत्याही राज्याचा आरंभीचा इतिहास वाचायला घ्या; त्यात माणसे फार थोडी भेटतात. एखादा राज्यपाल, एखादा धाडसी अधिकारी, पहिला मुख्यमंत्री, दोन-चार लोकनेते. त्यांच्या पलीकडे ‘जनता’ असते आणि जनतेला नाव नसते. त्या मोठ्या माणसांचे मोठेपण मला नाकारायचे नाही. परंतु शासकीय सेवेत तीस वर्षांच्या आसपास काढल्यावर एवढे निश्चित कळते, की राज्य अधिसूचनेने जन्माला येत असले तरी ते उभे राहते ओझे वाहणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या, एकाची भाषा दुसऱ्याला समजावून सांगणाऱ्या आणि दोन गावांतील तंटा मिटवणाऱ्या माणसांच्या बळावर. या माणसांच्या नोंदी होत नाहीत असे नाही. सरकार पैसे देते तेव्हा पावती घेतेच. प्रश्न त्या नोंदी टिकण्याचा आहे. उदाहरण म्हणून मी अरुणाचल प्रदेश घेतो, कारण तिथे प्रशासनाचा आरंभ अगदी अलीकडचा आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. इंग्रजांनी १८७३ च्या विनियमान्वये ‘इनर लाइन’ आखली आणि तिच्या पलीकडचा डोंगराळ मुलूख बव्हंशी आपल्या नित्याच्या कारभाराबाहेर ठेवला. स्वातंत्र्यानंतर हा प्रदेश ‘नॉर्थ ईस्ट फ्रंटियर एजन्सी’, म्हणजे ‘नेफा’, या नावाने ओळखला जाऊ लागला. आसामचे राज्यपाल राष्ट्रपतींच्या वतीने तिथला कारभार पाहत आणि १९६५ पर्यंत तो परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत होता. त्यानंतर गृह मंत्रालयाकडे आला. १९७२ साली केंद्रशासित प्रदेश आणि १९८७ साली राज्य झाले. क्षेत्रफळ ८३,७४३ चौरस किलोमीटर. पूर्ण जनगणना प्रथम झाली ती १९६१ मध्ये आणि तेव्हाची लोकसंख्या भरली सुमारे ३ लाख ३७ हजार. म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे चार माणसे. रस्ते जवळजवळ नव्हतेच.

या प्रदेशाच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग १९५१ चा. तवांगचा भाग १९१४ च्या मॅकमहोन रेषेच्या अलीकडे असूनही तिथे त्सोना येथील तिबेटी अधिकाऱ्यांची वसुली चालू होती. १९५० च्या ऑक्टोबरात चिनी सैन्य तिबेटमध्ये घुसले आणि दिरंगाईला वाव उरला नाही. राज्यपाल जयरामदास दौलतराम यांनी मेजर राल्फ ऊर्फ ‘बॉब’ खाथिंग यांना तवांगला पाठवले. खाथिंग मणिपूरच्या उखरुल भागातले तांगखुल नागा, दुसऱ्या महायुद्धातले मिलिटरी क्रॉसचे मानकरी. जानेवारीत निघालेली त्यांची तुकडी फेब्रुवारीत तवांगला पोचली. गावप्रमुखांना एकत्र बोलावून, यापुढे त्सोनाला कर देऊ नका असे त्यांनी सांगितले आणि रक्तपात न होता तिथे भारताचा अंमल बसला. त्यांच्या स्मरणार्थ तवांगला २०२१ मध्ये स्मारक झाले ते उचितच झाले.

पण त्या तुकडीची रचना पाहा. आसाम रायफल्सचे सुमारे दोनशे जवान आणि सुमारे सहाशे हमाल. एका जवानामागे तीन हमाल! बर्फातून, खिंडीतून, कित्येक दिवसांची वाट त्यांनी पाठीवर ओझे घेऊन तुडवली. अधिकाऱ्याचे नाव आपण पाठ करतो. सहाशेंतील एक तरी नाव आपल्याला ठाऊक आहे काय?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्याने मला या हमालीचे गणित नेहमी खुणावते. सोयीसाठी असे धरू, की एक माणूस २५ किलो ओझे उचलतो आणि रोज एक किलो धान्य खातो. ठाणे दहा दिवसांच्या वाटेवर असेल तर जाण्या-येण्याच्या वीस दिवसांत तो वीस किलो स्वतःच खाणार. ठाण्यावर उतरतील पाच किलो. बारा दिवसांच्या वाटेवर उतरेल एक किलो, आणि तेरा दिवसांची वाट असेल तर काहीच नाही. म्हणजे प्रशासनाची सीमा नकाशावर आखलेली नव्हती, ती हमालाच्या पोटाने ठरत होती. पुढे वायुदलाच्या आणि कलिंग एअरलाइन्ससारख्या खासगी कंपनीच्या डाकोटा विमानांतून तांदूळ, मीठ, डाळ खाली टाकली जाऊ लागली ती याच कारणाने. परंतु आकाशातून पडलेले पोते दरीतून उचलून ठाण्यापर्यंत आणायला पुन्हा माणूसच लागे. शिवाय ज्या गावातून हमाल बोलवायचे त्या गावाची पेरणी, वेचणी त्या काळात थांबे. मजुरी मिळाली तरी शेतीचा हंगाम परत मिळत नाही. नव्या राज्याने लोकांकडून घेतलेला हा पहिला कर होता असे म्हटले तरी चालेल. तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

दुसरा माणूस दुभाषी. तिथेही शब्द जवळजवळ हाच आहे. इथल्या भाषांची संख्या मोठी आणि एका खोऱ्याची भाषा शेजारच्या खोऱ्यात कळेलच असे नाही. अधिकारी हिंदीत किंवा आसामीत बोलणार, एक दुभाषी ते एका बोलीत सांगणार, कधी दुसरा त्यावरून तिसऱ्या बोलीत. सरकारचे धोरण गावापर्यंत पोचे ते या माणसाच्या तोंडून, आणि गावाचे गाऱ्हाणे सरकारपर्यंत पोचे तेही त्याच्याच तोंडून. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर काय होऊ शकते हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार! शिवाय तो त्याच परिसरातला असल्याने, साहेब बदलून गेल्यावरही दिलेल्या शब्दाचा जाब त्यालाच विचारला जाई.

याची गंभीर बाजू १९५३ मध्ये दिसली. सुबनसिरी भागात आचिंगमोरी येथे तागिन लोकांनी मेजर रिपुदमन सिंह यांच्या तुकडीवर अचानक हल्ला केला आणि चाळीसहून अधिक माणसे मारली गेली. सूड म्हणून गावांवर बॉम्ब टाकावेत अशी मागणी पुढे आली. राज्यपालांचे सल्लागार नरी रुस्तमजी यांनी तिला विरोध केला, नेहरूंनी त्यांना साथ दिली, आणि दोषी व्यक्तींना शोधून त्यांच्यावर रीतसर खटला चालवण्याचा मार्ग पत्करला गेला. भारतीय प्रशासनाने अभिमान बाळगावा असा हा निर्णय आहे. पण या प्रसंगाच्या वर्णनात मेजरचे नाव येते, रुस्तमजींचे येते. तुकडीबरोबर जे हमाल मारले गेले त्यांचे येत नाही. त्यांच्या घरी निरोप कुणी नेला, त्यांच्या बायकामुलांना काय मिळाले, हे प्रश्नही आपण विचारत नाही.

तिसरा माणूस गावबुढा. सरकारने दिलेला लाल कोट घालणारा हा गावप्रमुख. १९४५ च्या न्यायदानविषयक विनियमाने गावच्या अधिकाऱ्यांना लहान-मोठे तंटे रूढीप्रमाणे मिटवण्याचा अधिकार दिला. आदी लोकांची ‘केबांग’, आपातानींची ‘बुलियांग’ अशा परिषदा तर सरकार येण्याच्या कितीतरी आधीपासून होत्या. पासीघाट परिसरातले आदी नेते दायिंग एरिंग यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये नेमलेल्या समितीने याच परिषदांच्या पायावर लोकशाही संस्था उभाराव्यात अशी शिफारस केली. १९६७ चा पंचायत राज विनियम त्यातून आला. एरिंग १९७० मध्ये अल्पवयातच वारले. अरुणाचलाच्या विधानसभेचे मूळ शोधायचे तर ते त्यांच्या अहवालात सापडते, आणि त्या अहवालाचे मूळ सापडते शेकोटीभोवती बसून निवाडा करणाऱ्या अनाम वृद्धांत. मोठा माणूस आणि सामान्य माणूस यांचे नाते असे असते.

शिक्षणातही हेच. इंदिरा मिरी या आसामी विदुषी १९४७ मध्ये शिक्षणाधिकारी म्हणून सादियाला आल्या. १५ ऑगस्ट १९५० च्या महाभूकंपाने सादियाची वाताहत केली, तरी शिक्षक घडवण्याचे काम त्यांनी दुसरीकडे चालू ठेवले. त्यांना पुढे पद्मश्री मिळाली. त्यांनी घडवलेले तरुण शिक्षक मात्र खांद्यावर पाटी-पुस्तके घेऊन दूरच्या गावांत चालत गेले आणि तिथेच विस्मृतीत गेले.

आपल्याला जवळचे वाटेल असेही एक उदाहरण आहे. नेफाच्या धोरणाशी व्हेरिअर एल्विन यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. इंग्लंडात जन्मलेले हे गृहस्थ १९२७ मध्ये प्रथम आले ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात. १९५४ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९६४ पर्यंत, ते नेफाचे आदिवासीविषयक सल्लागार होते. परंतु त्याआधीची त्यांची घडण झाली मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात, आणि तिथे १९३२ पासून त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते शामराव हिवाळे. लोक एल्विनना ‘बडा भाई’ आणि शामरावांना ‘छोटा भाई’ म्हणत. शामरावांनी परधान जमातीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एल्विन यांचे नाव जाणणाऱ्या किती मराठी माणसांना शामरावांचे नाव ठाऊक आहे?

आता कागदांकडे वळतो. हमालांचे हजेरीपट, दुभाष्यांच्या नेमणुकीचे आदेश, दौऱ्यांच्या दैनंदिन्या, मीठवाटपाच्या याद्या, घरपट्टीच्या पावत्या हे सारे कार्यालयीन भाषेत अल्पमुदतीचे कागद. लेखापरीक्षण झाले, ठरावीक वर्षे उलटली, की ते नष्ट करायचे असा नियम असतो आणि तो चुकीचाही नाही. कार्यालयांत जागा मर्यादित असते. धोरणाची फाइल टिकते, खर्चाची फाडली जाते. पण सामान्य माणसाचे नाव नेमके खर्चाच्या फाइलमध्ये असते! एका अभिलेख कक्षात छाटणीसाठी बांधलेल्या गठ्ठ्यात मी स्वतः असे हजेरीपट पाहिले आहेत: एकेका नावापुढे अंगठ्याचा ठसा आणि चार-सहा रुपयांची रक्कम.

विचित्र योगायोग असा, की ज्यांनी राज्यसत्तेला विरोध केला त्यांची नावे अधिक टिकली. १९११ मध्ये नोएल विल्यमसन या इंग्रज अधिकाऱ्याची हत्या झाली आणि त्यानंतरच्या मोहिमेचे जाडजूड अहवाल लिहिले गेले. मातमूर जामोह हे आदी वीराचे नाव आज अरुणाचलात आदराने घेतले जाते, त्याला त्या कागदांचाही हातभार आहे. आरोपी म्हणून नोंदले गेलेले नाव उरले. मजूर म्हणून नोंदलेले गेले.

आपला सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा. त्यात एक चांगली तरतूद आहे: १८९२ पूर्वीचा कोणताही अभिलेख, अगदी जीर्ण होऊन निरुपयोगी ठरल्याशिवाय, नष्ट करता येत नाही. मुंबई, मद्रास, बंगालसारख्या जुन्या प्रांतांना ही रेषा उपकारक आहे. पण जिथे नित्याचे प्रशासनच १९४७ नंतर पोचले तिथे १८९२ ला काय अर्थ? तवांगचा १९५१ चा हजेरीपट हा तिथला आद्य कागद आहे, तरी या तरतुदीचे संरक्षण त्याला नाही. शिवाय राज्याच्या ताब्यात गेलेल्या कागदांना हा केंद्रीय कायदा लागूच होत नाही.

हा केवळ भावनेचा प्रश्न आहे असे कुणी म्हणेल. तसे नाही. १९६२ च्या युद्धानंतर सैन्याने घेतलेल्या जमिनींपोटी पश्चिम कामेंगमधील गावकऱ्यांना सुमारे ३८ कोटी रुपयांची भरपाई मिळाली ती २०१८ मध्ये, म्हणजे छप्पन्न वर्षांनी. मधल्या काळात दावेदारांची एक पिढी गेली. कोणाची जमीन, कोणी सोडली, कोणाच्या शब्दावर सोडली, हे सांगणारे कागद वारसाच्या हाती असणे म्हणजे काय हे अशा वेळी कळते. आसाम आणि अरुणाचल यांच्यातील सीमावादाचे मूळ १९५१ च्या अधिसूचनेत आहे. १२३ गावांबाबतचा समझोता २०२३ मध्ये झाला. कोणते गाव कोणाला घरपट्टी देत होते, कोणत्या ठाण्याला हमाल पुरवत होते, ही क्षुल्लक वाटणारी नोंद अशा वादात पुरावा ठरू शकते.

म्हणून माझ्या सूचना मोजक्याच आहेत.

पहिली, संरक्षणाची तारीख प्रदेशानुसार असावी. अरुणाचलासाठी ती १९७२ धरावी आणि त्यापूर्वीचा कोणताही कागद अभिलेखागाराच्या लेखी संमतीशिवाय फाडू नये. राज्यांनीही आपल्या नियमांत अशी तरतूद करावी.

दुसरी, त्यानंतरच्या अल्पमुदतीच्या कागदांतून दर दहा वर्षांतले एक वर्ष पूर्ण राखावे. सगळे ठेवणे परवडत नसेल तर नमुना ठेवावा, हे तर संख्याशास्त्राचे पहिलेच पान आहे.

तिसरी, नावांची सूची करावी आणि ती स्थानिक भाषा जाणणाऱ्या तरुणांकडून तपासून घ्यावी. त्या काळच्या कारकुनाने कानाला ऐकू आले तसे नाव लिहिले. एकच माणूस तीन हजेरीपटांवर तीन नावांनी असणे सहज शक्य आहे.

चौथी सूचना सर्वांत निकडीची. १९५५ साली विशीत असलेला दुभाषी आज हयात असेल तर नव्वदीच्या घरात आहे. त्याची आठवण ध्वनिमुद्रित करायला नवा कायदा लागत नाही, जिल्हा कार्यालयाचा एक आदेश पुरतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांना एक विनंती. आपल्यापैकी काहींचे वडील किंवा आजोबा वायुदलात, सैन्यात, सीमा सडक संघटनेत, तारखात्यात किंवा शिक्षक म्हणून त्या भागात राहून आले असतील. घरच्या जुन्या पेटीत त्यांची पत्रे, दैनंदिनी, छायाचित्रे असतील तर रद्दीत देण्यापूर्वी एकदा नजरेखालून घाला. छायाचित्रात साहेबाच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचे नाव मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले आहे काय ते पाहा. असल्यास त्याची प्रत इटानगरच्या किंवा दिल्लीच्या अभिलेखागाराला पाठवा. त्या माणसाची नातवंडे आज तिथे शाळेत शिकवत असतील, कदाचित एखाद्या कार्यालयात अधिकारी असतील. आजोबांचे नाव कुठेतरी लिहिलेले आहे, हे त्यांना कळायला हवे.