इच्छामरण : थोरांना वंदन, सामान्यांवर खटला

#धागा #इतिहास

१/
फेब्रुवारी १९६६. मुंबईतील सावरकर सदनात ८२ वर्षांच्या विनायक दामोदर सावरकरांनी अन्न व औषध वर्ज्य केले होते. २६ फेब्रुवारीला त्यांचे देहावसान झाले. आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा सांगणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ तेव्हा पूर्णपणे अमलात होते. तरीही त्या घराच्या दारावर पोलिसांची थाप पडली नाही. लोकांनी त्या मरणाला प्रायोपवेशन म्हटले आणि हात जोडले.

२/
१९८५. तेच शहर. रस्त्यावरील अपघातात डोक्याला मार बसल्यानंतर मनोविकाराने ग्रासलेला एक पोलीस शिपाई. पत्नीला भाजीच्या गाळ्याचा परवाना मिळत नव्हता. हताश होऊन त्याने महापालिकेच्या कार्यालयाबाहेर जीव देण्याचा प्रयत्न केला. त्याला अडवले गेले, तो वाचला आणि लगेच कलम ३०९ खाली आरोपी झाला.

३/
ही दोन मरणे एकाच जातीची नव्हेत. एकात पूर्ण झालेल्या आयुष्याचा निरोप होता, तर दुसऱ्यात उपचाराची हाक. पण कायद्याच्या पुस्तकात दोघांसाठी एकच कलम होते आणि ते लागले फक्त एकाला. इच्छामरणाच्या भारतीय इतिहासाची गुरुकिल्ली या विसंगतीत आहे.

४/
प्रारंभ बाराव्या शतकातील कोकणापासून करावा. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य याने याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली; ती ‘अपरार्क’ या नावाने प्रसिद्ध आहे. असाध्य रोगाने पीडलेल्या किंवा अतिवृद्ध झालेल्या, कर्तव्ये संपलेल्या माणसाला स्वेच्छेने देह ठेवण्याची मुभा देणारी जुनी वचने त्याने तेथे उद्धृत केली आहेत. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या वचनांचा परामर्श घेतला आहे.

५/
मात्र परंपरेचा हा एकच स्वर नाही. सामान्य आत्महत्येला स्मृतींनी पाप ठरवले आणि तिच्यासाठी कठोर नियम सांगितले. पुढे ‘कलिवर्ज्य’ प्रकरणात, म्हणजे कलियुगात टाळावयाच्या आचारांच्या यादीत, वृद्धांचे व असाध्य रोग्यांचे स्वेच्छामरणही जाऊन बसले. म्हणून “आपली संस्कृती इच्छामरणाला मान्यता देते” हे विधान जितके अर्धे, तितकेच “आपल्या संस्कृतीला ते मान्य नाही” हेही अर्धेच.

६/
जैन परंपरेतील सल्लेखना हा तिसरा प्रवाह. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर सातव्या शतकापासूनचे शिलालेख व्रतस्थ मरणाची नोंद ठेवून आहेत. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने या व्रताला आत्महत्येच्या पंक्तीत बसवले. त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तेराशे वर्षांची प्रथा आणि १८६० चा कायदा यांची गाठ त्या स्थगितीनेही पुरती सुटली नाही.

७/
१९२८, साबरमती आश्रम. एक वासरू असह्य वेदनेत तळमळत होते आणि बरे होण्याची आशा उरली नव्हती. गांधीजींनी वैद्याकडून त्याला मरण देवविले. देशभरातून संतप्त पत्रे आली. अहिंसेच्या पुजाऱ्याने हत्या केली, असा आरोप झाला. गांधीजींनी लेख लिहून उत्तर दिले. वेदनेत तडफडणाऱ्या जिवाला केवळ जिवंत ठेवणे म्हणजे अहिंसा नव्हे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

८/
सावरकर आणि गांधी यांचे क्वचितच एकमत होई. तरी येथे त्यांच्या वाटा जवळ येतात. १९६४ साली सावरकरांनी ‘आत्महत्या नव्हे, आत्मार्पण’ या लेखात भेद मांडला : निराशेने जीव देणे वेगळे आणि जीवितकार्य संपल्यावर, देह निरुपयोगी झाल्यावर, शांत चित्ताने तो ठेवणे वेगळे. लेख लिहिणाऱ्यानेच दोन वर्षांच्या आत तो आचरणात आणला.

९/
नोव्हेंबर १९८२, पवनार. हृदयविकाराचा झटका आल्यानंतर विनोबा भावे यांनी अन्न, पाणी व औषध नाकारले. पंतप्रधान इंदिरा गांधी भेटीस आल्या. १५ नोव्हेंबरला विनोबा गेले. पुढच्याच वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. राज्यसंस्थेने त्या मरणापुढे मस्तक नमवले, आणि त्याच राज्यसंस्थेचे कलम ३०९ सामान्यांसाठी जागच्या जागी राहिले.

१०/
हा विरोधाभास एका मुंबईकराला खटकला. संविधान सभेचे सदस्य आणि स्वतंत्र पक्षाचे नेते मिनू मसानी यांनी १९८१ साली मुंबईत ‘सोसायटी फॉर द राइट टू डाय विथ डिग्निटी’ ही संस्था स्थापन केली. संताला जे श्रद्धेच्या बळावर मिळते, ते सामान्य रुग्णाला हक्क म्हणून मिळावे, हा त्या मागणीचा सरळ अर्थ होता.

११/
पुन्हा त्या शिपायाकडे. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत आणि न्या. बी. जी. कोळसे-पाटील यांच्या खंडपीठाने कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचे स्वातंत्र्य येते, तसेच जगण्याच्या हक्कात न जगण्याचा हक्क येतो, असा युक्तिवाद निकालात होता. अशा माणसाला तुरुंग नव्हे तर उपचार हवेत, हेही न्यायालयाने बजावले. मात्र दुसऱ्याच्या हातून येणारे दयामरण हा मनुष्यवधच, असे सांगून त्याने तो दरवाजा बंद ठेवला.

१२/
१९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनीही कलम ३०९ रद्द ठरवले. १९९६ साली ज्ञान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो निर्णय फिरवला : अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात मरणाचा हक्क नाही. पण त्याच निकालात एक फट राहिली. नैसर्गिक अंत जवळ आलेल्या माणसाचे सन्मानाने मरणे हा सन्मानाने जगण्याचाच भाग आहे, असे घटनापीठाने मान्य केले. पुढचा सारा इतिहास या फटीतून आत आला.

१३/
२७ नोव्हेंबर १९७३. परळच्या केईएम रुग्णालयात कर्नाटकातील हळदीपूरच्या अरुणा शानभाग या परिचारिकेवर वॉर्डबॉयने पाशवी हल्ला केला. गळा कुत्र्याच्या साखळीने आवळला गेल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. आरोपीला हल्ला व चोरी यांसाठी सात वर्षांची शिक्षा झाली. बलात्काराचा आरोप ठेवलाच गेला नाही. अरुणा त्याच रुग्णालयाच्या खाटेवर ४१ वर्षे पडून राहिल्या.

१४/
पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली : या देहाला आता मुक्त करावे. विरोध कोणी केला? केईएमच्या परिचारिकांनी. पिढ्या बदलल्या, पण अरुणांना भरवणे, न्हाऊ घालणे, कुशीवर वळवणे त्यांनी थांबवले नाही. त्यांच्या दृष्टीने ती ‘केस’ नव्हती, आपली सहकारी होती. करुणा दोन्ही बाजूंना होती. मतभेद होता तो करुणेच्या अर्थाविषयी.

१५/
७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी विराणी यांची विनंती फेटाळली. अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांना सांभाळणाऱ्या रुग्णालयाचा, असे ठरले. पण त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने कृत्रिम जीवनाधार काढून घेण्याची, म्हणजे निष्क्रिय दयामरणाची, वाट देशात प्रथमच खुली केली. १८ मे २०१५ रोजी अरुणा न्यूमोनियाने गेल्या.

१६/
९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मूलभूत ठरवला आणि ‘लिव्हिंग विल’, म्हणजे शुद्धीत असताना लिहून ठेवलेली वैद्यकीय इच्छा, वैध केली. मात्र त्यावर दंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी हवी, अशी अट होती. हक्क मिळाला, पण तो वापरता येईना. जानेवारी २०२३ मध्ये ती अट शिथिल होऊन नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकने पुरेशी ठरली आणि वैद्यकीय मंडळांना निर्णयासाठी शक्यतो ४८ तासांची मुदत आली.

१७/
मग प्रश्न सुटला का? अर्धाच. आजचा कायदा व्हेंटिलेटरवरील माणसाला यंत्र नाकारू देतो. पण ज्याला यंत्र लागलेले नाही, ज्याची शुद्ध शाबूत आहे, ज्याला आपला असाध्य रोग आणि त्याचा शेवट स्पष्ट दिसतो आहे, त्याला वैद्यकीय साहाय्याने शांतपणे जाण्याची वाट नाही. त्याला मदत करणारा डॉक्टर गुन्हेगार ठरतो. यंत्र काढणे न्याय्य आणि वेदना संपवणे अपराध, हा भेद रुग्णाच्या दुःखावरून ठरलेला नसून यंत्राच्या उपस्थितीवरून ठरलेला आहे.

१८/
जगाने याबाबत अनुभव गाठीशी बांधला आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्यात असा कायदा १९९७ पासून अमलात आहे. नेदरलँड्स व बेल्जियममध्ये २००२ पासून, कॅनडात २०१६ पासून. त्यातून धडे दोन्ही प्रकारचे मिळतात. हे साहाय्य नियमबद्ध करता येते, हा पहिला. आणि पात्रतेची कक्षा कोठवर नेऊ द्यायची हा वाद कायदा झाल्यावरही संपत नाही, हा दुसरा.

१९/
भारतातील सर्वांत वजनदार आक्षेप धर्माचा नाही, दारिद्र्याचा आहे. उपचाराचा खर्च न झेपणारे घर, मालमत्तेवर डोळा असलेले वारस, ‘आपण ओझे झालो’ असे मनात घेतलेली म्हातारी आई : अशा ठिकाणी ‘इच्छा’ खरोखर कोणाची? या आक्षेपाला भावनेने उत्तर देता येत नाही.

२०/
त्याचे उत्तर व्यवस्थेने द्यावयाचे आहे. देशातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईच्या वांद्र्यात उभे राहिले. केरळने २००८ मध्ये वेदनाशामक सेवेचे स्वतंत्र धोरण स्वीकारले. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन इतके दुर्मीळ केले की २०१४ मध्ये त्यात दुरुस्ती करावी लागली. ज्या रुग्णापर्यंत मॉर्फिनची गोळी पोहोचलीच नाही, त्याने मागितलेल्या मरणाला स्वेच्छा म्हणणे ही क्रूर थट्टा ठरेल.

२१/
म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी वेदनाशमन आणि मनोविकारावर उपचार. मग दोन स्वतंत्र डॉक्टरांची तपासणी, पुन्हा पुन्हा विचारलेला होकार, मधला विचारकाळ आणि क्षणोक्षणी माघार घेण्याची मुभा. त्या शिपायासारखा हताश माणूस या दारापर्यंत कधीच पोहोचता कामा नये. त्याचे दार उपचाराचे. या अटी पाळूनही जो असाध्य रुग्ण शांतपणे ‘आता पुरे’ म्हणतो, त्याला नकार देण्याचा नैतिक अधिकार राज्यसंस्थेजवळ उरत नाही.

२२/
आणि हे काम न्यायालयाचे नव्हे, संसदेचे आहे. १९८६ पासूनचा जवळजवळ प्रत्येक टप्पा निकालपत्रातून आला. लोकप्रतिनिधींनी या प्रश्नावर कायदा केलेला नाही. निकालपत्र मुभा देऊ शकते, पण तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि औषध उभे करू शकत नाही.

२३/
विनोबांना परवानगी मागावी लागली नाही. त्यांचे थोरपण हीच त्यांची परवानगी होती. केईएमच्या खाटेवरील अरुणांना काय हवे होते, हे कोणालाच कळू शकले नाही. या दोन टोकांच्या मध्ये लक्षावधी अनामिक रुग्ण आहेत. त्यांना बोलता येते, आणि त्यांच्यामागे थोरपणाचे कवच नाही. शेवटच्या प्रवासात त्यांचा शब्द ऐकला जातो की नाही, यावरच या इतिहासाचा पुढचा अध्याय ठरेल.

#इतिहास #इच्छामरण #धागासमाप्त