अडाणी कोण: पाडा की शासन?

अंबरनाथ तालुक्यातील जांभूळ येथे औद्योगिक विकास महामंडळाचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. बारवी धरणाचे पाणी तेथे शुद्ध होते आणि ठाणे जिल्ह्यातील कारखान्यांना व शहरांना जाते. २०२० च्या मार्चमध्ये दूरध्वनीवर आधी खोकला आणि मागोमाग हात धुण्याचा उपदेश ऐकू येऊ लागला, तेव्हा त्याच जिल्ह्यातील मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर दर उन्हाळ्यातील टँकरची प्रतीक्षा सुरू होण्याच्या बेतात होती. ज्याच्या घरात नळ आहे, ज्याचा पगार घरी बसून चालू राहतो आणि ज्याला छापील मराठी वाचता येते, अशा माणसाला समोर ठेवून तो उपदेश लिहिला गेला होता. जो या साच्यात बसत नव्हता, त्याच्यासाठी शासनाकडे पोलिसाचा दंडुका होता.

पुढच्या वर्षी लस आली. आदिवासी पाड्यांवरची माणसे ती घेण्यास कचरली, तेव्हा सुशिक्षितांनी आणि अधिकाऱ्यांनी निदान करून टाकले: अडाणीपणा, अंधश्रद्धा. लसीने माणूस मरतो, मूल होत नाही, अशा अफवा पसरल्या होत्या, हे खरेच आहे. परंतु त्या शहरांतील सुशिक्षितांच्या घरांतही पसरल्या होत्या. विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. पाड्यावर अफवा आधी पोहोचली आणि शासनाचा शब्द मागे का राहिला?

ठाणे-रायगडातील कातकऱ्याचे वर्ष पाहिले तरी उत्तर मिळते. दिवाळीनंतर तो कुटुंबासह वीटभट्टीवर जातो आणि पावसाच्या तोंडावर परततो. पावसाळ्यात शेठकडून घेतलेली उचल त्याला या महिन्यांत फेडावयाची असते. मजुरी हजार विटांमागे मिळते. अंगात ताप भरून दोन दिवस पडून राहिले तर त्या दोन दिवसांच्या विटा बुडतात आणि कर्ज तेवढेच उरते. लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाले आणि त्याचे पहिले पाच महिने नेमके भट्टीच्या हंगामात गेले. पथक पाड्यावर गेले तेव्हा माणूस भट्टीवर होता; भट्टीवर कोणी गेलेच, तर ‘ताप आला तर मजुरी कोण देईल?’ या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते. १ मे पासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी संगणकीय नोंदणी सक्तीची झाली. ज्याच्या झोपडीत वीज नाही, त्याने संकेतस्थळावर वेळ राखून ठेवावी, अशी ही व्यवस्था होती. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे च्या आदेशात या डिजिटल दरीवर बोट ठेवले. तोवर दुसऱ्या लाटेने आपले काम केले होते.

भाषेची गोष्ट याहून बोलकी आहे. पत्रकांत ‘विलगीकरण’, ‘सहव्याधी’ असे शब्द होते. कातकरी बोली ज्याच्या घरात बोलली जाते, त्याला ते संस्कृत मंत्रांइतकेच परके. सर्वांत पुढे होता ‘सामाजिक अंतर’ हा शब्द. ज्या जमातीला गावाने पिढ्यान् पिढ्या अंतरावरच ठेवले, तिला शासनाने सांगितले: अंतर ठेवा! हा शब्द निवडणाऱ्यांना त्यात काही खटकले नाही, यावरून अडाणीपणा कोठे वसतो हे कळावे.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग रोखण्यासाठी रँडने गोऱ्या सैनिकांना घराघरांत घुसविले. लोकांनी रुग्ण लपविले आणि अखेर रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांना पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात आणून त्यांची सेवा करीत होत्या. १० मार्च रोजी त्याच रोगाने त्यांचा बळी घेतला. रँडजवळ सत्ता होती, सावित्रीबाईंजवळ विश्वास होता. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने अंमलात आणला तो १८९७ चाच साथरोग कायदा. दुसरा वारसा कपाटात राहिला.

साथीच्या धामधुमीत प्रत्येक वस्तीची बोली शिकत बसण्यास वेळ कोठे होता, असा युक्तिवाद केला जातो. तो टिकत नाही. उत्तर प्रदेशात अनेक मुस्लिम कुटुंबांनी पोलिओचा डोस नाकारला, तेव्हा वस्तीतल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन दारोदार पाठविले गेले, मशिदींतून आवाहने झाली आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. पद्धत घरातच होती. ती वापरण्याची इच्छा नव्हती. उलट २०२० मध्ये तबलिगी जमातीच्या निमित्ताने एका समाजाला रोगाचा वाहक ठरविले गेले. बळीचा बकरा शोधला गेला, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या ऑगस्टमध्ये नमूद केले. ज्यांच्यावर वर्षभर संशय घेतला, ते लसीला कचरतात असे दिसताच नोव्हेंबर २०२१ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सलमान खान आणि धर्मगुरूंची मदत घेण्याचे जाहीर केले. धर्मगुरूंना विनंती करण्यात गैर नाही; पण दुखावलेला विश्वास नटाच्या चेहऱ्याने परत मिळत नसतो.

विश्वास मिळविण्याचे खरे काम आशा सेविकांनी केले. तिला पाडा ठाऊक, घर ठाऊक, घरातली म्हातारी कोणाचे ऐकते तेही ठाऊक. त्या आशांना जून २०२१ मध्ये, साथ ओसरलेली नसताना, मोबदल्यासाठी राज्यभर संप करावा लागला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. हारतुरे मिळाले, शासकीय सेवेतील कायम स्थान मिळाले नाही. अमेरिकेतील चित्रही याच जातीचे आहे. तेथे लॅटिन अमेरिकी वंशाच्या श्रमिकांना कोविडने गोऱ्यांपेक्षा अधिक ओरबाडले. कॅलिफोर्नियाच्या शेतांवर राबणाऱ्या मिक्स्टेक मजुरांना स्पॅनिश पत्रकेही परकीच होती, जशी कातकऱ्याला प्रमाण मराठी. तेथेही उपयोगी पडल्या त्या वस्तीतल्याच आरोग्यसेविका, ‘प्रोमोतोरा’.

मात्र संस्कृतीचा जप करून शासनाला सुटता येणार नाही. कातकरी बोलीत गोड गाणे रचून हात धुण्यास सांगितले, तरी पाणी टँकरनेच येणार असेल तर ती थट्टाच ठरते. बोली, पाणी, बुडालेल्या मजुरीची भरपाई आणि जवळचे आरोग्य केंद्र या एकाच मागणीच्या चार बाजू आहेत. त्या वेगळ्या केल्या की उरते ती जाहिरात.

समाजवादी कार्यकर्त्यांनीही हे काम आशांवर आणि स्वयंसेवी संस्थांवर सोपवून ठराव करीत बसणे पुरे झाले. पुढची साथ तारीख सांगून येणार नाही. भट्ट्यांची यादी, तेथील कुटुंबांची नोंद, बोली जाणणारे तरुण आणि आशांच्या कायम नोकरीसाठी लढा, ही तयारी दिवाळीनंतर भट्ट्या पेटण्याआधी व्हावयास हवी. साथ आल्यावर पाड्यावर पोहोचणारा पहिला माणूस फौजदार असू नये, एवढे जरी साधले तरी १८९७ पासूनचे एक देणे फिटेल.