ओसरीवरून : बुधवारची पोळी

गेल्या महिन्यांत आम्हीं या सदरांत कानांत बोंडें घालून बसणाऱ्या तरुण पिढीवर बरेंच तोंडसुख घेतलें होतें. कित्येक वाचकांस तें आवडलें. "अगदीं आमच्या घरचें चित्र काढलेंत," अशीं पत्रेंहि आलीं. त्या सर्वांची क्षमा मागून आज आम्हांस त्यांतील बराचसा मजकूर परत घ्यावयाचा आहे.

आमचें म्हणणें असें होतें कीं, पूर्वीं घरांत यंत्र एक असे व ऐकणारे दहा असत. आतां ऐकणारे दहा व यंत्रेंहि दहा. आमच्या ओसरीवरील फळीवर व्हॉल्व्हचा रेडिओ होता. खुंटी फिरविली कीं आंतील दिवे तापेपर्यंत सर्वांनीं मुकाट्यानें वाट पहावयाची, मग थोडी खरखर, मग आवाज. त्याचा परवाना दरवर्षीं पोस्टांत जाऊन नवा करून आणावा लागे. १ एप्रिल १९५५ पासून पुणें केंद्रावरून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचें गीतरामायण सुरू झालें, तेव्हां आमचा जन्महि झालेला नव्हता. पण रेडिओ असलेल्या घरीं आळी कशी जमे, याचें वर्णन आम्हीं वडिलांच्या तोंडून अनेकदां ऐकलें आहे. असें एकत्र बसून ऐकल्यानें कुटुंब जोडलें जाई, आणि एकट्यानें ऐकणें ही या काळाची विकृति होय, असा आमचा सिद्धान्त होता.

या सिद्धान्तांत दोन चुका होत्या. पहिली चूक इतिहासाची. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा. पुढें १८८९ मध्यें सॅन फ्रान्सिस्को शहरांतील एका मद्यगृहांत नाणें टाकून ऐकावयाचें यंत्र मांडण्यांत आलें, त्यास डॉक्टरांच्या नळीसारख्या नळ्या होत्या. ज्यानें नाणें टाकावें त्यानेंच नळी कानास लावून ऐकावें; शेजारीं उभ्या असलेल्यास कांहीं ऐकूं येऊं नये. कर्ण्यांतून साऱ्या घरास ऐकविणारा ग्रामोफोन घरोघर रूढ झाला तो त्यानंतर. म्हणजे आमच्या नातवाचीं बोंडें, किंवा जपानांत १९७९ सालीं निघालेला वॉकमन, हीं कांहीं अगदींच नवीं पापें नव्हेत.

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी आहे, आणि ती आमच्या घरांतलीच आहे.

मागील पंधरवड्यांत एके सायंकाळीं आमच्या वहिनी झोपाळ्यावर डोळे मिटून बसल्या होत्या. वय शहात्तर. दोन्ही कानांत तींच पांढरीं बोंडें! आम्हीं नातीस जवळ बोलावून खडसावलें, "अग, निदान आजींना तरी हें व्यसन लावूं नकोस." ती म्हणाली, "आजोबा, आजीनेंच मागून घेतलें." हरिपाठ किंवा एखादें कीर्तन चाललें असेल अशी आम्हीं मनाची समजूत घातली. नातीनें फोनचा पडदा आमच्यापुढें धरला. चालली होतीं तीं बिनाका गीतमालेच्या काळांतलीं सिनेमाचीं गाणीं.

तरुण वाचकांसाठीं थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ ते १९६२ पर्यंत केन्द्रांत नभोवाणीचे मंत्री होते. शास्त्रीय संगीताचे ते कट्टे अभिमानी. त्यांच्या कारकीर्दींत आकाशवाणीवरून सिनेमाचीं गाणीं जवळजवळ हद्दपार झालीं. श्रोते मुकाट्यानें रेडिओ सिलोनकडे वळले. तेथें १९५२ च्या अखेरीस गीतमाला सुरू झाली. दर बुधवारीं रात्रीं आठ वाजतां अमीन सयानी यांचा आवाज घरोघर घुमूं लागला. शेवटीं आकाशवाणीलाहि ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविध भारती काढावी लागली.

केसकर मंत्रिपदावरून गेले; परंतु आमच्या घरचे केसकर त्यानंतरहि पुष्कळ वर्षें अधिकारावर होते. ते म्हणजे आमचे थोरले बंधु, दादा. स्वभावानें प्रेमळ, पण नियम एक : बातम्या, नाट्यसंगीत व कीर्तन यांखेरीज कांहीं लागतां कामा नये. खुंटीस हात लावण्याचा अधिकार दादांचा. ते नसतील तेव्हां आमचा. १९६९ सालीं वहिनी या घरांत आल्या तेव्हां आम्ही अवघे दहा वर्षांचे होतों. तरी तो अधिकार आम्हांस होता, वहिनींस नव्हता. त्या रेडिओवरील दोऱ्याचें जाळीदार आच्छादन मात्र वहिनींनींच विणलेलें होतें. दर शनिवारीं तें धुऊन, इस्त्री करून पुन्हा घालण्याचें कामहि त्यांचेंच.

आम्ही जवळ जाऊन बसलों. वहिनींनीं एक बोंड काढलें व हंसून म्हणाल्या, "भाऊजी, बुधवारीं माझी पोळी करपायची, आठवतें का?"

न आठवून कसें चालेल! आमच्या घरांत तो वाक्प्रचारच होऊन बसला होता. कोणाचें गणित चुकलें, कोणाचें दूध उतूं गेलें, कीं "ही बुधवारची पोळी!" असें म्हणून सारे हंसत. वहिनीहि हंसत.

"परसाकडच्या खिडकीपलीकडे शेजाऱ्यांकडे आठाला तें लागायचें," त्या म्हणाल्या. "तवा चुलीवर, आणि मी खिडकीशीं. पहिल्या क्रमांकाचें गाणें अगदीं शेवटीं लावीत. आणि नेमकें तेव्हांच पंगतींतून कोणीतरी पोळी मागे. तें गाणें एकदांहि पुरतें ऐकायला मिळालें नाहीं."

"मग दादांना सांगावयाचें होतें."

"त्यांनीं कधीं विचारलें नाहीं. तुम्हीं तरी कुठें विचारलेंत?"

या प्रश्नांत रोष मुळींच नव्हता. असता तर उत्तर देणें सोपें झालें असतें.

आम्ही वर्गांत मोठ्या हौसेनें शिकवीत असूं कीं, 'शुश्रूषा' हा शब्द 'श्रु' धातूच्या इच्छार्थक रूपापासून झाला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ मागून आला. शिष्यानें गुरूचें ऐकूं इच्छावें व म्हणून त्याची सेवा करावी, अशी त्याची संगतीहि आम्ही लावून देत असूं. वहिनींनीं या घराची शुश्रूषा पन्नासांहून अधिक वर्षें केली. त्या शब्दाचा दुसरा अर्थ आम्हीं त्यांजकडून पुरेपूर वसूल करून घेतला. पहिला अर्थ त्यांसहि लागूं असेल, हें मात्र कोणाच्या ध्यानींमनीं आलें नाहीं. मराठींत तर 'ऐकणें' याचाच एक अर्थ आज्ञा पाळणें असा आहे.

ज्या एकत्र श्रवणाचे गोडवे आम्हीं गाइले, तें एकत्र होतें खरें. पण निवड एकाची होती. ओसरीवर बसलेल्यांस तें कुटुंबाचें सुख वाटे. स्वयंपाकघरांत तें भिंतीआडून, भांड्यांच्या आवाजांतून जेवढें येईल तेवढेंच पोंचे.

नातू जेवणाच्या पानावर कानांत बोंडें घालून बसतो, तें आम्हांस अजूनहि आवडत नाहीं, आणि तेवढें आम्ही बोलणार. परंतु ज्यांच्या हातीं खुंटी कधींच आली नाहीं त्यांस या चिमुकल्या यंत्रानें ती आणून दिली, हें कबूल न करणें अप्रामाणिकपणाचें होईल.

प्रायश्चित्त म्हणून आम्हीं सुचविलें कीं, दर बुधवारीं आठ वाजतां हीं गाणीं बैठकींत मोठ्यानें लावूं, सारेच ऐकूं. वहिनी क्षणभर थांबल्या, मग मान हलवून म्हणाल्या, "मोठ्यानें नको, भाऊजी. आजवर सगळ्यांचें ऐकलें. हें माझें मला एकटीला ऐकूं द्या." आणि काढलेलें बोंड त्यांनीं पुन्हा कानांत घातलें.

तेव्हांपासून दोन बुधवार झाले. आठ वाजतां पानें आम्ही घेतों, नातू पाणी वाढतो, आणि पोळ्या जमतील तशा आम्हीच भाजतों. त्या पहिल्या बुधवारीं चार करपल्या. मुकाट्यानें खाल्ल्या.