काँक्रीटवरचा खटला

१९७१ साली स्टॅन्ले कुब्रिकने ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ हा चित्रपट काढला, तेव्हा उद्याच्या हिंस्र समाजाचे नेपथ्य त्याला फारसे उभारावे लागले नाही. लंडनच्या आग्नेयेस, थेम्सकाठच्या दलदलीवर, ग्रेटर लंडन कौन्सिल थेम्समीड ही नवी वसाहत वसवीत होती. पहिले कुटुंब तेथे १९६८ मध्ये राहावयास आले होते. याच वसाहतीतल्या तळ्याकाठी चित्रपटाचा गुंड नायक आपल्या साथीदारांना पाण्यात लोटतो. सुमारे साठ हजार माणसांना निवारा देण्यासाठी आखलेली वसाहत पुरती बांधून होण्याआधीच गुंडगिरीची खूण म्हणून जगभर ओळखली जाऊ लागली.

तेथील उंच पादचारी वाटा पडद्यावर भयाण वाटतात. त्या तशा का बांधल्या गेल्या, हे मात्र चित्रपट सांगत नाही. १९५३ च्या पुरात हा प्रदेश पाण्याखाली गेला होता. म्हणून तळमजल्यावर राहण्याच्या खोल्या नकोत असे ठरले. खाली मोटारी, वर घरे आणि घरांना जोडणाऱ्या उंच वाटा अशी रचना झाली. माणसे बुडू नयेत म्हणून केलेली योजना कॅमेऱ्याने माणूसघाणी करून दाखविली.

या वास्तुशैलीला ‘ब्रुटॅलिझम’ म्हणतात. नाव ऐकताच क्रौर्य आठवते, परंतु त्याचे नाते ‘बेताँ ब्रूत’ या फ्रेंच शब्दांशी आहे: गिलावा न केलेले, सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे अंगावर तसेच ठेवलेले काँक्रीट. ल कॉर्बुझिएने ते मार्सेय येथे आणि पुढे चंदीगडला वापरले. चंदीगडचे सचिवालय पाहिलेल्या माणसाला ते परके वाटणार नाही. ब्रिटनमध्ये ॲलिसन व पीटर स्मिथसन या दांपत्याने त्याचा पुरस्कार केला. युद्धोत्तर काळातील स्थानिक संस्थांनी या पद्धतीने कष्टकऱ्यांची घरे, शाळा, ग्रंथालये उभारली. चांगले घर हा नागरिकाचा हक्क आहे, ही श्रद्धा त्या खडबडीत भिंतींमागे होती.

या घरांत दोष नव्हते असे कोणी म्हणू नये. थेम्समीडची छपरे गळत, भिंतींना ओल येई. अनेक वसाहतींतील लिफ्ट दिवसेंदिवस बंद पडून राहत. पण बंद लिफ्ट हा काँक्रीटचा गुण नव्हे. तो दुरुस्तीच्या तरतुदीचा प्रश्न आहे. याचा पुरावा लंडनच्या मध्यभागीच उभा आहे. बार्बिकन वसाहतीत तेच उघडे काँक्रीट, तेच मनोरे आणि त्याच उंच वाटा आहेत. ती मुळातच सुस्थितीतील भाडेकरूंसाठी बांधली गेली व तिची निगा राखली गेली. आज तिला संरक्षित वास्तूचा दर्जा आहे आणि तेथील घरांच्या किमती सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर आहेत. बार्बिकनच्या काँक्रीटमुळे तेथील मुले बिघडतात, असा सिद्धांत मात्र कोणी मांडलेला नाही!

खरा घाव १९८० साली बसला. थॅचर सरकारच्या गृहनिर्माण कायद्याने भाडेकरूंना सरकारी घरे मोठ्या सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. ज्यांनी घर घेतले त्यांना दोष देण्याचे कारण नाही. स्वतःचे घर कोणाला नको असते? परंतु पंधरा लाखांहून अधिक घरे सार्वजनिक मालकीतून गेली आणि त्यांच्या जागी तितकी नवी बांधली गेली नाहीत. उरलेल्या वसाहतींत ज्यांना दुसरा आसराच नव्हता अशांची दाटी झाली. आणि चित्रपट या दैन्याचा गुन्हेगार म्हणून भिंतीकडेच बोट दाखवीत राहिला.

२००९ चा ‘हॅरी ब्राउन’ घ्या. मायकेल केनने रंगविलेला वृद्ध निवृत्त सैनिक वसाहतीतील पोरांविरुद्ध बंदूक उचलतो. चित्रण झाले दक्षिण लंडनच्या हेगेट वसाहतीत. त्या वेळी पाडकामासाठी तेथील रहिवाशांना हलविणे चालू होते; पडद्यावरची ओसाडी बऱ्याच अंशी त्या विस्थापनाची होती. प्रेक्षकाला ती वस्तीचा स्वभाव वाटली. पुढे हेगेटची हजाराहून अधिक घरे जमीनदोस्त झाली. त्या जागी अडीच हजारांवर नवी घरे झाली, आणि त्यांत जुन्या सामाजिक भाड्याने मिळणारी शंभराच्या आसपास. शेजारच्या एल्सबरी वसाहतीचा वापर ‘चॅनेल ४’ या वाहिनीने आपल्या ओळखचित्रात वर्षानुवर्षे केला. त्यातील कचरा आणि दोऱ्यांवरचे कपडे चित्रणानंतर तंत्राने घातलेले होते. जो कचरा तेथे नव्हता, त्याची बदनामी रहिवाशांनी सोसली.

कॅमेऱ्याला दुसरे काही दिसूच शकत नव्हते असे नाही. १९९६ चा ‘ब्युटिफुल थिंग’ याच थेम्समीडमध्ये चित्रित झाला. दोन किशोर मुलांच्या प्रेमाची ही कथा. तीच वसाहत, त्याच भिंती. पण येथे शेजारी भांडतात, गातात, एकमेकांच्या दारात उभे राहतात. दिग्दर्शिका हेटी मॅकडोनाल्ड यांना तेथे माणसे राहताना दिसली.

२०२४ च्या ‘द ब्रुटलिस्ट’ने काँक्रीटला पुन्हा प्रतिष्ठा दिली, असे म्हटले जाते. हिटलरी छळछावणीतून वाचलेला हंगेरियन ज्यू वास्तुशिल्पी अमेरिकेत येतो आणि एका धनाढ्य उद्योगपतीच्या आश्रयाने व जाचात आपली वास्तू उभारतो. धनिकाच्या औदार्यात दडलेली हिंसा चित्रपट निर्भयपणे दाखवितो, हे त्याचे श्रेय. पण काँक्रीटची ही शैली येथे एका प्रतिभावंताचे खाजगी दुःख होऊन बसते. कर भरणारा नागरिक, घरे बांधणारी नगरपालिका, भाडेकरू यांना या साडेतीन तासांत जागा नाही. शेवटी १९८० साली व्हेनिसच्या प्रदर्शनात नायकाचा गौरव होतो. थॅचरबाईंचा कायदा झाला ते हेच वर्ष.

खऱ्या व्हेनिसमध्ये २०१८ साली स्मिथसन दांपत्याच्या रॉबिन हूड गार्डन्सचा एक तुकडा मांडला होता. पूर्व लंडनमधील ही २१३ घरांची वसाहत १९७२ साली पूर्ण झाली होती. २०१७ मध्ये तिची एक इमारत पाडू लागताच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने तिचा तीन मजली भाग आपल्या संग्रहात घेतला. व्हेनिसला प्रेक्षक तो पाहत होते, तेव्हा दुसऱ्या इमारतीत माणसे अजून राहत होती. नंतर तीही पाडली गेली.