नागमोडी रेघ

प्रति,
माननीय अध्यक्ष व सभासद, नियामक मंडळ,
भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, पुणे.



विधि महाविद्यालय मार्गावर, टेकडीच्या पायथ्याशी वसलेल्या आपल्या वास्तूत विद्वज्जन पोथ्यांसाठी येतात. मी मात्र कारभाराचा एक धडा मागावयास आलो आहे. दिवस धामधुमीचे असले म्हणजे संस्था कशी चालवावी, हा प्रश्न लहानमोठ्या सर्वच कारभाऱ्यांना छळतो, आणि त्याचे उत्तर आपल्या दप्तरात आहे, अशी माझी खात्री आहे.

१९१७ साली स्थापन झालेल्या आपल्या संस्थेने अवघ्या दोन वर्षांत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य शिरावर घेतले, तेव्हा तिच्या पाठीशी औंधच्या पंतप्रतिनिधींचे एक लाख रुपयांचे अभिवचन होते. १९६६ साली ते तडीस गेले, तोवर महायुद्ध होऊन गेले होते, राज्य पालटले होते आणि ज्यांच्या औदार्यावर आरंभ झाला ती संस्थानेही खालसा झाली होती. आरंभी हे काम पाहणाऱ्या उत्गीकरांनी १९२३ मध्ये विराटपर्वाचा प्रायोगिक खर्डा छापून विद्वानांचे अभिप्राय मागविले. १९२५ मध्ये सूत्रे हाती घेणाऱ्या विष्णु सीताराम सुकथनकरांनी, मूळ शिक्षण गणिताचे असलेल्या पुरुषाला शोभेल अशा काटेकोरपणे, पाठनिर्णयाचे नियम बांधले आणि १९३३ साली आदिपर्वाच्या प्रस्तावनेत ते जगापुढे ठेविले. १९४३ मध्ये, ऐन युद्धात, त्यांचे निधन झाले. परंतु त्यांच्या जागी आलेल्या बेलवलकरांना आणि त्यांच्यामागून परशुराम लक्ष्मण वैद्यांना नव्याने श्रीगणेशा करावा लागला नाही, कारण गेलेल्याचे शहाणपण त्याच्याबरोबर गेले नव्हते. ते कागदावर उतरलेले होते.

पोथ्या ताडून पाहण्याचा त्यांचा कागद क्षणभर डोळ्यांपुढे आणावा. वरच्या ओळीत श्लोकाची अक्षरे सुटी सुटी मांडलेली, खाली ओळीगणिक एकेक पोथी, आणि शारदा, बंगाली, ग्रंथ वा मलयाळम् लिपीतील पोथी जेथे निराळे बोलते तेथेच तिचे अक्षर टिपलेले. अशा १२५९ हस्तलिखितांची जबानी घेतल्यावर मग छापील पानावर स्वीकृत पाठ वर आला, नाकारलेले पाठ तळटिपेत राहिले. आणि जेथे संपादकाची स्वतःचीच पुरती खात्री नव्हती, तेथे स्वीकारलेल्या शब्दाखाली त्याने एक नागमोडी रेघ ओढली.

ती रेघ पाहिली की मला माझी लाज वाटते. एका लहानशा ग्रंथालयाचा मी चिटणीस असताना, अडचणीच्या वर्षी शाखा बंद करण्याचा ठराव तिघांनी कडाडून विरोध करूनही मी इतिवृत्तात ‘सर्वानुमते संमत’ असा लिहिला; संस्थेत दुफळी दिसू नये, हा माझा हेतू. पाच वर्षांनी नव्या मंडळाने कारण विचारले, तेव्हा दप्तरात कारणही नव्हते, विरोधही नव्हता, आणि त्या तिघांनी वर्तविलेले नुकसान तेवढे पुढ्यात उभे होते.

कोणी म्हणेल, पोथ्यांना सवड असते, कारभाराला नसते. परंतु सुकथनकरांनी निर्णय लांबणीवर टाकला होता कोठे? श्लोकागणिक त्यांनी एक पाठ निवडला, त्याची जबाबदारी घेतली, आणि आपली शंकाही त्याच पानावर नोंदविली. संकटकाळी पुढारी सर्वज्ञतेचा आव आणतो तो अनुयायांना धीर यावा म्हणून. प्रत्यक्षात पहिला अंदाज चुकताच तो धीर खचतो, आणि ‘येथे मी साशंक आहे’ असे आधीच सांगणाऱ्याचा शब्द मात्र चुकीनंतरही चालतो. ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने आपल्या वास्तूची नासधूस केली, त्या आघातानंतरही आपले दार अभ्यासकांना उघडे राहिले, यामागे याच दीर्घ शिस्तीचे बळ असावे, असे मी मानतो.

म्हणून एक विनंती. महाभारताच्या या आवृत्तीविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. तिच्या कारभाराविषयी, म्हणजे पैसा कसा जमविला, मतभेद कसे मिटविले अथवा न मिटविता कसे जपले, उत्तराधिकारी कसे नेमले, याविषयी आपल्या ठरावबुकांच्या आधारे एक लहानसे मराठी पुस्तक सिद्ध करण्याची तजवीज व्हावी. शाळा, पतपेढ्या आणि ग्रंथालये चालविणाऱ्यांना ते उपयोगी पडेल. त्यात जेथे आपले पूर्वसूरी चुकले असे आपणांस वाटेल, तेथे मजकूर गाळू नये. खाली रेघ ओढावी.



आपला नम्र,
एक माजी चिटणीस, सदाशिव पेठ, पुणे