साडेचार एकरांची मिजास

क्लायंटबरोबर डिनर आहे. वाइन लिस्ट बॉसच्या हातात. गंभीर चेहरा करून तो म्हणतो, ‘पिनो न्वार मागवू या का?’ आणि टेबलावरचे सगळे जाणकारासारखी मान डोलावतात.

तर मंडळी, पिनो न्वार हे पातळ सालीचं, भयंकर नखरेल काळं द्राक्ष. ऊन वाढलं की रुसतं, पाऊस वाढला की कुजतं. आपल्या नाशिकमध्ये शिराझ मजेत नांदते, पिनो क्वचितच. (आणि हो, ही वाइन ‘रूम टेम्परेचर’ला प्यायची नसते. मे महिन्यातल्या विदर्भाच्या रूम टेम्परेचरला तर नाहीच नाही! १४ ते १६ डिग्री बास. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.)

हिचं माहेर फ्रान्समधलं बरगंडी. तिथल्या व्होन-रोमाने या खेड्यात रोमाने-काँती नावाचा मळा आहे. आकार १.८ हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेचार एकर. आपल्याकडे एवढ्या जमिनीच्या मालकाला अल्पभूधारक म्हणतात! १९४५मध्ये या मळ्यातून सहाशेच बाटल्या निघाल्या. मग किडीने पोखरलेल्या जुन्या वेली उपटल्या आणि पुढची वाइन थेट १९५२ची. त्या सहाशेतली एक बाटली २०१८मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५,५८,००० डॉलरला गेली. तेव्हाच्या दराने चार कोटी रुपये. शेजारच्या बांधापलीकडची वाइन एवढी महाग नाही. माती, उतार, हवा आणि माणसाचा हात, या सगळ्याला मिळून फ्रेंच ‘तेरवार’ म्हणतात आणि त्याचेच पैसे लावतात.

आता भंडाऱ्याला चला. तिथे द्राक्षाचे मळे नाहीत. धान आहे, तलाव आहेत आणि जंगलात मोह आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची रसरशीत फुलं टपटप गळतात. बाया-पोरं टोपल्या घेऊन अंधारातच निघतात, कारण उशीर झाला की जनावरं फुलं खाऊन टाकतात. एकेक फूल वाकून वेचायचं. कोका, नागझिऱ्याच्या बाजूला वाघ-अस्वलाची धास्ती कायम. वाकलेली बाई वाघाला माणूस वाटतच नाही, असं म्हणतात. अंगणात वाळवलेलं फूल दिसतं थेट मनुक्यासारखं. साखर भरपूर, त्यामुळे पाण्यात भिजवलं की आपसूक आंबतं, मग भट्टीवर चढतं. वाइन नव्हे ही, चांगली कडक दारू.

पण मिजास? छे! इंग्रजांनी ठाणे-कुलाब्यासाठी १८९२मध्ये मोहफुलांवर खास कायदाच केला. अबकारीचा महसूल बुडत होता ना! तेव्हापासून मोह म्हणजे चोरटी, गावठी, पोलिसांच्या धाडीतली. महाराष्ट्रात फुलं साठवण्या-नेण्यावरची बंधनं सैल व्हायला २०२१ उजाडलं. गोव्यात २०१८मध्ये ‘डेस्मंडजी’ने मोहाची दारू देखण्या बाटलीत आणली. मध्य प्रदेशाने तर तिला ‘हेरिटेज’ दर्जा दिला.

वेचणारीला मात्र दर मिळतो तो किलोवर. कुठल्या गावचं फूल, कुठल्या झाडाचं, हे व्यापारी विचारत नाही. पैशाची नड असली की हंगामातच, मिळेल त्या भावात माल जातो. भंडाऱ्यातल्या एखाद्या गावाचं नाव लेबलवर मिरवणारी बाटली अजून तरी माझ्या पाहण्यात नाही.