दुर्गंधीची नोटीस

माझ्या नोकरीतली चार वर्षे अशा एका शाखेत गेली, जिच्या मागच्या भिंतीला लागून सांडपाण्याचे पंपिंग स्टेशन होते. पहिले काही दिवस नाकाला रुमाल लावला, मग नाक सरावले. पण दसऱ्याला घासून ठेवलेले चांदीचे नाणे लक्ष्मीपूजनापर्यंत काळे पडे. पुढे संगणक आले आणि तेही वरचेवर आजारी पडू लागले. दुरुस्तीला आलेल्या तरुणाने आतल्या काळवंडलेल्या तांब्याच्या पट्ट्या दाखवल्या. म्हणाला, "साहेब, दोष मशीनमध्ये नाही, तुमच्या हवेत आहे."

हवेतला तो दोष म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यांचा वास येतो तो याचाच. गटाराच्या नळाला आतून बुळबुळीत थर धरतो. पाणी रेंगाळले आणि त्यातला प्राणवायू संपला, की या थरातले जिवाणू सांडपाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात आणि हा वायू तयार होतो. पाणी घुसळले की तो वर सुटतो. नळाच्या ओलसर छतावरचे दुसरे जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात आणि काँक्रीटचा भुसभुशीत लगदा होतो. या जिवाणूंची ओळख मेलबर्नच्या सी. डी. पार्कर यांनी १९४५ साली पटवली. म्हणजे नळ पोखरला जातो तो पाणी पोचत नाही त्या जागी, वरून. आपल्याला कळते ते थेट रस्ता खचल्यावर.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर दुर्गंधी ही पहिली नोटीस. गंज हे चक्रवाढ व्याज.

नोटीस आली की आपण काय करतो? खिडकी लावून घेतो. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदी असह्य नासली, तेव्हा लंडनच्या पार्लमेंटने पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवून टांगले. औषध योग्य जातीचे होते, जागा चुकली होती. ते द्यायला हवे घाणीला, पडद्याला नव्हे.

पंपाने पुढे ढकललेल्या भरगच्च नळात हवेला जागाच नसते. वास जन्मतो तो तिथे. म्हणून पंपापाशीच नळात प्राणवायू सोडायचा. साध्या हवेत तो जेमतेम २१ टक्के. शुद्ध स्वरूपात दिला तर तेवढ्याच दाबाखाली सुमारे पाचपट विरघळतो. पाण्यात प्राणवायू टिकला की सल्फाइडचे पुरते फावत नाही. ओझोन याहून तिखट, पण तो जागेवरच विजेने तयार करावा लागतो आणि फुप्फुसांना घातक असतो. क्लोरीनही उपयोगी, पण १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर माणसे मारायला वापरलेला हा वायू दाट वस्तीत टाक्या भरून ठेवणे मला पटत नाही. माझे मत प्राणवायूच्या बाजूने. मात्र हा हप्ता नियमित भरावा लागतो. पुरवठा थांबला की त्या थराचे काम पुन्हा सुरू.

हा खर्च कशासाठी, असे विचारणाऱ्यांना एक सांगतो. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे शंभरेक भाग झाले की नाक बधिर होते. उतरणाऱ्याला वाटते, वास गेला; गेलेले असते त्याचे नाक. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांवाचून माणसाला गटारात उतरवायला बंदी केली. तरी मृत्यू होत राहिले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. भरपाईला पैसा निघतो, देखभालीला मात्र 'पुढच्या वर्षी पाहू'. असा ताळेबंद मी तरी मंजूर केला नसता. आणि नळात प्राणवायू सोडला म्हणून माणूस खाली उतरवायची मुभा मिळत नाही. ते काम यंत्राचेच.

आमच्या मागच्या पंपिंग स्टेशनवर ठेकेदाराकडे काम करणारा एकजण खाते उघडायला आला होता. तिशीतला असेल. सगळा अर्ज त्याने मला भरू दिला. वारसाच्या रकान्यातले बायकोचे नाव मात्र दोनदा वाचून घेतले.

तेव्हा मला त्याचे हसू आले होते.